ताटातला कोंबडा

टेबलाखाली वाकलो, तेव्हा लक्षात आलं की आज पायात बूट नाहीत, चपला आहेत.

गावाजवळचं मिशनचं कॉलेज सोडून मी विद्यापीठ निवडलं, तेव्हा आईनं एकच अट घातली होती: जेवणाआधी प्रार्थना चुकवायची नाही. पण मेसमधल्या दोनशे पोरांसमोर डोळे मिटायची मला भीती वाटायची. म्हणून बुटाची लेस बांधायच्या निमित्तानं मी टेबलाखालीच प्रार्थना उरकायचो. एवढ्या वेळा लेस बांधणारा माणूस त्या विद्यापीठात पुन्हा झाला नसेल!

"शमुवेल, खाली काय शोधतोस रे?" शेजारच्या रणधीरनं विचारलं. हा एम.ए.चा पैलवान नुसता खाकरला तरी नवी पोरं ताट सोडून पळायची.

"चमचा पडला."

"चमचा हातात आहे तुझ्या."

"मग... मुंगी चावली."

दोनदा खोटं बोलून झालं. पेत्र या शिष्यानं 'मी येशूला ओळखत नाही' असं तीनदा खोटं सांगितलं आणि कोंबडा आरवला, ही गोष्ट आईनं मला घासाघासाला भरवली होती. त्यात आज रविवार, ताटात कोंबड्याचाच रस्सा. तिसऱ्यांदा खोटं बोललो तर हा रश्श्यातून मान वर काढून आरवणार, याची मला खात्री पटली.

"प्रार्थना करतोय," मी कसंबसं म्हणालो.

रणधीरनं तोंडाशी नेलेला घास खाली ठेवला.

"मग वर बसून कर की, लेका! आणि माझंही नाव घे. उद्या तोंडी परीक्षा आहे."

मी डोळे मिटले. खोटं नाही सांगत, ताटातल्या कोंबड्यानं सुटकेचा निःश्वास टाकलेला मी या कानांनी ऐकला.