ओला दगड

कोरड्या गारगोटीचा रंग कळत नाही. म्हणून सोजराबाई नदीतून वेचलेला एकेक दगड जिभेनं ओला करायची आणि मनासारखा निघाला, की खडे घडवणाऱ्या नवऱ्यापुढं, हरिबापुढं, ठेवायची. "ह्यो कापा. आत लई रंग हाय."

बहात्तरच्या दुष्काळात ती गेली. भाटघर धरणाखालच्या सुक्या पात्रातून हरिबा एकटाच दगड आणू लागला. पण दुपारी तो भाकरी खाऊन येईपर्यंत पाटीतला एक दगड ओला झालेला असायचा. रोज. कापला, की आत रंग असायचाच.

आज त्याच्यानं कापवेना. "सोजरा, मला कशाला मागं ठेवलंस?" म्हणत तो पाटीला डोकं टेकून झोपला.

जाग आली तेव्हा सगळे दगड कोरडे होते. त्यानं डोळे चाचपले. तेही कोरडेच होते.

गाल तेवढा ओला होता.