दारापाशीचं टेबल

"तो तुमच्याच टेबलाशी बसला होता, साहेब," सिंधुबाईंनी तिसऱ्यांदा सांगितलं.

मॅनेजर गद्र्यांनी तिसऱ्यांदा मान हलवली. टेबल बँकेचं होतं, माणूस बँकेचा नव्हता.

सिंधुबाई नाशिक रोडच्या एका शाळेत शिपाई होत्या. धाकटीच्या नर्सिंगच्या फीचे साडेसहाशे रुपये तारेनं औरंगाबादला पाठवायला त्या बँकेत आल्या, तेव्हा दारापाशी खिशाला दोन पेनं लावलेला एक गृहस्थ बसला होता. त्यानं फॉर्म भरून दिला, आत गर्दी आहे म्हणून पैसेही घेतले, पावतीवर जांभळा शिक्का मारला. पैसे पोचलेच नाहीत. शिक्का नीट वाचला, तर तो सायकल स्टँडचा निघाला.

"नाव-गाव न विचारता कुणाच्या हाती पैसे देतात का, बाई? शहाणं माणूस असं करत नाही. बँक भरपाई देणार नाही."

फीची मुदत शुक्रवारपर्यंत होती. बुधवारी सिंधुबाई अर्धी रजा टाकून पुन्हा आल्या. साहेब कामात होते. बाकं भरलेली, पाय दुखत होते. त्या दारापाशीच्या रिकाम्या खुर्चीत टेकल्या आणि आपला अर्ज वाचायला त्यांनी चष्मा लावला.

तेवढ्यात सिन्नरकडच्या एका कांदेवाल्यानं पुढ्यात नोटा नि स्लिप ठेवली. बैलं उन्हात हायेत, पावती मागून नेतो, म्हणाला आणि गेलासुद्धा. सिंधुबाईंचं तोंड उघडंच राहिलं. मग एका पेन्शनर मास्तरांनी पासबुक आणि पैसे दिले, वर बँकेत हल्ली कामं रखडतात म्हणून त्यांनाच झापलं. तिसऱ्यापासून सिंधुबाईंनी बोलायचा प्रयत्न सोडला. त्या नुसतं नाव विचारायच्या आणि अर्जाच्या पाठीवर लिहायच्या.

दीड वाजता त्यांनी सगळा ऐवज गद्र्यांच्या टेबलावर मांडला.

"सात जणांचे आहेत, साहेब. मोजून घ्या. माझं नाव एकानंही विचारलं नाही."

गद्रे यादी वाचत गेले आणि पाचव्या नावावर अडकले. ते त्यांच्या सौभाग्यवतींचं होतं.

"ह्या बाई तर नाव विचारलं म्हणून रागावल्या," सिंधुबाई म्हणाल्या. "म्हणाल्या, आमचे हे इथंच आत बसतात."

गद्र्यांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं, आणि हळू आवाजात औरंगाबादचा पत्ता विचारला.