किल्ल्यातली हाक

सिद्रामने मेलेल्या बापाचा आवाज किल्ल्याची माहिती सांगणारं यंत्र बनवणाऱ्या कंपनीला दिला आणि आईला साधं विचारलंही नाही, हा नीलाबाईचा पहिला राग. तिच्या नवऱ्याने, मल्लप्पांनी, तीस वर्षं पाहुण्यांना सोलापूरचा किल्ला दाखवला होता. आता दारातून शिरणाऱ्या प्रत्येकाच्या कानात यंत्रातून तेच बोलत. राग गिळून नीलाबाई सिद्रामबरोबर ऐकायला आली. आवाज हुबेहूब होता, तोंडात पान धरून बोलल्यासारखा. तिचे डोळे भरले.

"चला कारभारीण, पायरी जपून," आवाज म्हणाला.

तेवढ्यात पुढची जीन्सवाली पोरगी खिदळली, "अगं, हा मला कारभारीण म्हणतोय!"

"मलापण!" तिची मैत्रीण म्हणाली.

नीलाबाईने कानातलं यंत्र उपटलं. "हा शब्द ह्यात कुठून आला रे?"

सिद्राम चाचरला. "किल्ल्याचं बोलणं कमी पडलं, आई. म्हणून तुमचं दोघांचं फोनवरचं रेकॉर्डिंगही दिलं. बाईमाणसाशी कसं बोलायचं, ते यंत्र त्यावरून शिकलं. लोकांना आवडतंय की!"

"लोकांना आवडतंय! मेल्या, किल्ला त्यांनी साऱ्या जगाला दाखवला, पण कारभारीण एकीलाच म्हटलं. आजपासून मला आई म्हणू नकोस. तीही हाक उद्या तिकिटावर वाटशील."