बोलत राहा

नवरा न्हावी. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याच्या तोंडाची टकळी सुरू. घरीही तीस वर्षं तोच बोलला, बायकोनं नुसतं हं-हं केलं. आता नऊ दिवस तो बेशुद्ध होता आणि नर्स म्हणत होती, "बोलत राहा, ताई. ओळखीच्या आवाजानं माणूस परत येतो."

दुपारपर्यंत तिच्याजवळचं सगळं बोलून संपलं. रडकुंडीला येऊन ती मोबाइलमधल्या एआयला म्हणाली, "बाबा रे, आता तूच डोकं चालव. काय बोलू ते सुचवत राहा, मला विचारत बसू नकोस."

पडद्यावर ओळी उमटू लागल्या. दुकानाला कुलूप नीट लावलंय, असं सांगा. तिनं सांगितलं. दुकानातल्या आरशाचा तडा वाढलेला नाही, असं सांगा.

ती चपापली. तड्याबद्दल ती मोबाइलशी अवाक्षर बोलली नव्हती. तरी तिनं सांगितलं, आणि नवऱ्याची पापणी हलली.

"अजून सुचव! थांबू नकोस!"

पुढची ओळ जरा उशिरानं आली.

'हळू बोल, भिंगरी. इथं मी एकटा नाही.'

भिंगरी तिला जगात एकच माणूस म्हणायचा, तोही दार लावल्यावर.

तिनं झडप घालून त्याचे दोन्ही हात ओंजळीत धरले. ते गार, निपचित पडून होते.

तरीही तिच्या मनगटाभोवती कुणाची तरी बोटं आवळत चालली होती.