वाक्य पुरे होईपर्यंत

पणजोबा लोहार होते, आजोबा घड्याळजी आणि वडील सुतार. तिघेही बोलताना अडखळत. म्हणून तिघांनीही तोंडापेक्षा हात चालवावे लागतील असेच धंदे धरले. धाकट्यालाही ते अडखळणे वारशाने मिळाले होते. आत्ता आईच्या खाटेपाशी त्याच्या ओठांवर एक शब्द असा अडला होता, की पुढे सरेना, मागे फिरेना.

"त... त..."

"तपासायचंय? अरे, डॉक्टरांनी सगळं तपासलंय," थोरली बहीण म्हणाली. "तू दिवसभर छापखान्यात, मी माझ्या घरी. तिच्याकडे बघणार कोण? उद्या सकाळी वृद्धाश्रमाची गाडी येतेय. आणि आईनं स्वतः होकार दिलाय. ऐकायचंय परत? आई, जाशील ना गं?"

पक्षाघाताच्या झटक्याने आईचे सारे शरीर गोठले होते. डाव्या हाताचे एक बोट तेवढे हलत असे आणि त्या बोटाखाली एक कळ होती. समोरच्या पडद्यावर अक्षरांवरून एक चौकट सरकत जाई. हव्या त्या अक्षरावर ती आली की आई कळ दाबी आणि यंत्र तिच्या वतीने बोले. आईने 'मी' एवढेच लिहिले. चौकट पुढे सरकण्याच्या आत यंत्राने उरलेले वाक्य स्वतःच जुळवले आणि मधाळ आवाजात उच्चारले, "मी ठीक आहे. आभारी आहे."

"ऐकलंस?" थोरली म्हणाली.

तिचा नवरा दारातूनच हसला. "सासूबाई इतकं गोड उभ्या जन्मात बोलल्या नव्हत्या. मी तर म्हणतो, त्या यंत्राला बक्षीस द्या!"

धाकटा हसला नाही. या घरात आईने आजवर हुकूम सोडले होते. ती कोणाची आभारी असल्याचे त्याच्या कानांवर कधी आले नव्हते. त्याने तिच्याकडे पाहिले. तिने डोळे मिटून घेतले होते. बाहेरून कडी घातली गेल्यावर आतल्या माणसाने हाका मारणे सोडून द्यावे, तसे.

ते मिटणे त्याच्या ओळखीचे होते. आयुष्यभर त्याने न मागितलेल्या वस्तू दुकानांतून घरी आणल्या होत्या. कारण मागितलेल्या वस्तूचे नाव पुरे होण्याआधीच दुकानदार भलतेच काही पुढ्यात ठेवी, आणि 'हे नको' म्हणायलाही वेळ लागे. जगात एकच जागा निराळी होती: आईच्या हाताखालची पंगत. ताटांतून वाफा निघत असत, पोटात कावळे ओरडत असत, आणि त्याचा शब्द अडला की आई हात वर करी. मग कोणी घास उचलायचा नाही, कोणी त्याला शब्द पुरवायचा नाही. त्याचे वाक्य संपले की आई हात खाली घेई आणि म्हणे, "आता जेवा."

त्याने यंत्राच्या कंपनीला फोन लावला. फोन म्हणजे त्याला शिक्षाच; तरी लावला.

"वाक्य पुरं करायची सोय बंद होत नाही हो," पलीकडचा म्हणाला. "पेशंटच्या भल्यासाठीच आहे ती. आणि आमचं यंत्र आतून कुलूपबंद असतं. तुम्ही उघडू नका."

धाकटा माळ्यावर चढला. भंगारात निघालेले संगणक आणून त्यांवर खुल्या प्रणाली चढवण्याचा त्याला नाद होता. जगभरच्या अनोळखी माणसांनी त्या लिहिलेल्या आणि कोणालाही उघडून पाहता याव्यात, बदलता याव्यात म्हणून मोकळ्या ठेवलेल्या. 'धाकट्याचा खुळखुळा' म्हणून घरात त्याची थट्टा होई. त्याला मात्र तेवढ्याच जगात बोलावे लागत नसे, आणि तिथे कुठल्या दाराला कुलूप नसे. बोलता न येणाऱ्यांसाठी कोणी तरी केलेला असाच एक प्रोग्रॅम त्याने एका जुन्या संगणकावर उतरवून घेतला. त्यातही अंदाज बांधणारा भाग होताच. त्याने तो शोधून काढला आणि मुळासकट उपटून टाकला.

संध्याकाळी ताटे आईच्याच खोलीत वाढली गेली. कळ आता जुन्या संगणकाला जोडलेली होती.

"वि... विचार तिला," धाकटा म्हणाला.

"आई, जाशील ना?"

'मी', आईने लिहिले. चौकट सरकत राहिली.

"मी ठीक..." थोरलीने सुरुवात केली.

धाकट्याने हात वर केला. तो हात पाहून थोरली लहानपणासारखी गप्प झाली.

"अजब डबडं आहे," तिचा नवरा पुटपुटला. "भूक लागलीय हो!"

हात खाली आला नाही. वाफा विरल्या. आमटीवर पापुद्रा धरला. आईच्या कपाळावर घाम आला, पण डोळे सताड उघडे होते. शेवटी जुना संगणक खरखरीत, कोरड्या आवाजात बोलला.

"मी ठीक नाही. कोणाची आभारी नाही. मी इथेच राहणार."

"अगं, मग इतके दिवस..." थोरलीला पुढे बोलवेना. तिचे वाक्यही कोणी पुरे केले नाही. मग तिने डोळे पुसले. "नको येऊ दे ती गाडी. दिवसभरासाठी बाई ठेवू आपण."

तिच्या नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकून ताटाकडे हात नेला. पण चौकट अजून सरकत होती. धाकट्याने पुन्हा हात वर केला. सगळे थांबले. एकेक अक्षर पडद्यावर उतरत गेले, आणि तो खरखरीत आवाज म्हणाला,

"आता जेवा."

ताटे पार गार झाली होती; त्याच्या लहानपणी होत, अगदी तितकीच.