कमी जागेचा फोन

"काका, वन ट्वेंटी-एट जीबी देऊ की टू फिफ्टी-सिक्स?"

काउंटरपलीकडच्या उज्वलाने दुसऱ्यांदा विचारलं. विलासरावांनी मान डोलावली. कशाला डोलावली, ते त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. बायको गेल्यापासून त्यांना कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. चहात साखर पडली काय नि राहिली काय, सारखंच. इथे तर नुसता फोन घ्यायचा होता. वाशीच्या त्या झगझगीत दुकानात काचेखाली मांडलेले सगळे फोन त्यांना एकाच माळेचे मणी वाटत होते.

"टू फिफ्टी-सिक्सच दे," त्यांची लेक मनाली म्हणाली. "यांचा फोन सारखा फुल होतो गं. मग मला नावड्याहून उठून ऐरोलीला जावं लागतं. बसा एकेक डिलीट करत. रविवार गेलाच समज."

खोटं नव्हतं ते. लग्न झालेल्या लेकीला वेळ कुठला? नोकरी, सासर, मुलाचे क्लास. एरवी बापाच्या वाट्याला फोनवरचं "जेवलात ना?" एवढंच यायचं. फोन अडला की मात्र ती यायची. सोफ्यावर त्यांना खेटून बसायची. "हा ठेवू? हा उडवू?" करत फोटो पुढे सरकवायची. मध्येच आईचा फोटो लागला की दोघंही तो मोठा करून बघायची. मग ती उठून पोहे टाकायची, आणि तेवढ्यापुरतं घराला घरपण यायचं.

"गुड मॉर्निंगचे मेसेज असतील," उज्वला हसली. "सगळ्या काकांचं तेच असतं."

"ते परवडले! बाबा व्हिडिओ चालू करतात आणि बंद करायला विसरतात. छताच्या पंख्याचे व्हिडिओ आहेत, बोल आता. तास-तासभर नुसता पंखा फिरतोय. वय झालं, दुसरं काय."

विलासरावांना राग आला नाही, लाजही वाटली नाही.

"मग टेन्शनच नको. टू फिफ्टी-सिक्स घेतलात तर चार-पाच वर्षं बघावं लागणार नाही."

"सुटले गं बाई!" मनाली म्हणाली. तेवढ्यात तिच्या ऑफिसचा फोन आला आणि ती बोलत बोलत दुकानाबाहेर गेली.

चार-पाच वर्षं. कितीतरी महिन्यांनी विलासरावांना काहीतरी वाटलं होतं, आणि ती भीती होती. त्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. लेक पाठमोरी उभी होती.

"पोरी, सगळ्यात कमी जागेचा कुठला?"

उज्वलाने कोपऱ्यातला एक फोन काढून पुढे ठेवला. "हा सिक्स्टी-फोरचा. पण काका, ते पंख्याचे व्हिडिओ थांबवले नाहीत, तर हा महिन्याभरात भरेल."

"मग हाच बांध," विलासराव हळूच म्हणाले. "व्हिडिओ थांबवले, तर ती येईल कशाला?"