मोठ्या बाईंच्या अटी

“ही भिंत ओली आहे,” मोठ्या बाई बोट लावून म्हणाल्या.

“पलीकडे मोरी आहे ना बाई. या बाजूला आम्ही झोपत नाही.”

“मग झोपतेस कुठे?”

शिवणकामवालीने मशीनवरचा पाय उचलला. आता बसून काम होणार नव्हतं. बाई यायच्या त्या एखादा कुडता घेऊन, कंबरेला सैल करायला. गाडी दारात का थांबली असं गल्लीने विचारलं, तर उत्तर तयार. कुडता टेबलावर पडला की तपासणी सुरू. पाणी उकळतेस का? दूध कुठलं घेतेस? सासूचा हा खोकला कधीपासूनचा?

“सुनेपेक्षा जुना आहे म्हणावं!” सासू आतून ओरडली.

सकाळी देवापुढे दिवा लावताना शिवणकामवालीने नेम केला होता, आज कुणाला उलट बोलायचं नाही. देवानेही परीक्षा घ्यायला नेमक्या याच बाई धाडल्या.

“शेजारणींना काय सांगणार आहेस?”

“ते माझं मी बघते.”

“आणि नवरा? ऐन वेळी फिरला तर?”

“आधी नकोच म्हणत होते. दोन आहेत, तिसऱ्याला कुठून पुरं पडणार, म्हणून. आता म्हणतात, तू ठरवशील तसं.”

“अगं, पण तुझंच मन फिरलं तर? बाईच्या जातीचं काय सांगावं!”

“शब्द दिलाय मी.”

बाईंनी पर्समधून जाड पाकीट काढून कापडांवर ठेवलं. “असू दे. अडीअडचणीला.”

“ते आधी उचला. बाळाचे पैसे घेणारी नाही मी. घरात देव आहे माझ्या.”

पाकीट परत गेलं, पण बाई हलल्या नाहीत. “एक शेवटचं. बाळ या हातातून त्या हातात गेलं की संपलं. आईने पुन्हा त्याचं तोंड बघायचं नाही. भेट नाही, फोटो नाही, काही नाही.”

कात्री टेबलावर आपटली. नेम गेला चुलीत.

“का? आईने काय दगड व्हायचं?”

“विसरते गं आई. दिवस गेले की सगळं विसरतं माणूस.”

“तुम्ही विसरला असतात?”

“माझा प्रश्न नाही हा.”

“मग कुणाचा आहे? गाडीतून उतरायचं, भिंती चाचपायच्या, अटींवर अटी घालायच्या! पोटात वाढवलेलं लेकरू म्हणजे काय इथून उसवून तिथे जोडायची बाही आहे? आता माझी एकच अट ऐका. महिन्यातून एकदा आईला बाळ भेटलं पाहिजे. मांडीवर घेता आलं पाहिजे. जमत नसेल तर दुसरी कुणी बघा.”

मोठ्या बाई स्टुलावर बसल्या. रुमालाने न पुसता, दोऱ्यांच्या तुकड्यांवरच.

“दुसरं कोण आहे?” त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिल्या.

“मग काय ते बोला.”

“बरं,” त्या चष्मा परत लावत म्हणाल्या. “येत जाईल माझी लेक इथे, आपल्या बाळाला भेटायला. पण बाळ तिच्या मांडीवर फार वेळ ठेवू नकोस. परत द्यायची नाही ती.”